जुनी बीटल घेताय? आधी घरातली माणसं मोजा

गोल दिव्यांची फोक्सवॅगन बीटल सेकंड हॅन्ड बाजारात दिसली की मुलं हट्ट धरतात. रूप जुनं, पण इंजिन आता मागे नाही, पुढे आहे. दरवाजे मात्र दोनच आणि सीट चार. अम्मी-अब्बांना मागच्या सीटवर चढवायचं म्हणजे कसरतच! पाच जणांच्या घराला ही एकमेव गाडी म्हणून आम्ही सुचवणार नाही.

भारतात ती आयात होऊनच आली, २०१९ मध्ये उत्पादनही थांबलं. म्हणून सौद्याआधी बंपर, दिवे, गिअरबॉक्सच्या कामाचा भाव मेकॅनिककडून काढून घ्या. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. मालकी बदलली की १४ दिवसांत विमाही स्वतःच्या नावावर करायला टाका. नाहीतर अपघातात आपल्याच गाडीची भरपाई अडकते.