घाटांमागची वाई

सुरूर फाट्यावरून आत वळणाऱ्या बहुतेक प्रवाशांच्या लेखी वाई म्हणजे पसरणीचा घाट चढण्याआधीचा थांबा. चहा घ्यायचा, ढोल्या गणपतीला हात जोडायचे आणि पाचगणी गाठायची. ‘दक्षिण काशी’ ही जुनी उपाधी आणि सिनेमाच्या चित्रीकरणाचे गाव ही नवी ओळख, दोन्ही कृष्णेच्या काठापाशीच थबकतात. काठ देखणा आहे, यात वाद नाही. पण देखणे घाट इतरत्रही आहेत. वाईचे वेगळेपण आहे ते घाटामागच्या आळ्यांत झालेल्या कामात.

आज दिसते ते काठावरचे वैभव मुख्यतः पेशवाईतल्या पैशाचे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई रास्ते घराण्यातल्या, आणि याच घराण्याने १७५७ मध्ये काशीविश्वेश्वराचे, तर १७६२ मध्ये ढोल्या गणपतीचे देऊळ बांधले. गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून. जवळच्या मेणवलीत नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. तिथली घंटा पोर्तुगीज, वसईच्या मोहिमेनंतर आलेली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हा आश्रय सरला. अशा वेळी गाव नुसत्या क्षेत्रमाहात्म्यावर जगू लागते. वाईने मात्र विद्येची परंपरा नव्याने उभी केली. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेत विनोबा शिकायला आले. याच परंपरेतून मीमांसाकोश आणि धर्मकोश निघाले, ‘नवभारत’ मासिक चालले. याच पाठशाळेचे विद्यार्थी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुढे मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक झाले, आणि राज्याच्या या ज्ञानप्रकल्पाचे कार्यालय मुंबई-पुण्याऐवजी वाईत थाटले गेले. त्याचे वीस खंड इथूनच सिद्ध झाले.

यावर पहिला आक्षेप असा, की ही विद्या एका वर्णाची मिरासदारी होती. जुन्या पाठशाळांबद्दल तो खराच आहे. पण प्राज्ञपाठशाळेत तयार झालेल्या तर्कतीर्थांनीच अस्पृश्यतेला शास्त्राधार नाही हे गांधीजींच्या चळवळीसाठी शास्त्रे उलगडून मांडले. आणि विश्वकोशाने ज्ञान संस्कृतातून काढून रोजच्या मराठीत आणले. मिरास मोडण्याची हत्यारे त्याच घरात घडली. दुसरा आक्षेप पोटाचा: कोशांवर गावाची चूल पेटत नाही, ती पेटते हळदीच्या बाजारावर, शेतीवर, पर्यटकांवर. हेही खरे. मेणवलीच्या घाटावर ‘स्वदेस’ चित्रित झाला आणि पाहणाऱ्यांची वर्दळ वाढली, तिचा फायदा नाकारण्याचे कारण नाही. मात्र पडद्यावरची वाई बहुधा दुसऱ्याच कुठल्या गावाचे सोंग घेऊन उभी असते. वर्दळ आली तरी वाईची ओळख त्यातून पोहोचत नाही.

विश्वकोश आता संगणकावर कुठूनही वाचता येतो, मग वाईला जायचे कशाला, हा प्रश्न उरतो. उत्तर साधे आहे. कोश हे दशकानुदशके नेटाने बसून करायचे काम आहे, आणि अशा कामाला लागणारी सवड आणि माणसे एका तालुक्याच्या गावाने पुरवली, हे गाव पाहिल्यावरच उमगते. म्हणून गणपतीला नमस्कार झाल्यावर गाडी लगेच घाटाकडे वळवू नये. ज्या गावाने मराठीला तिचा विश्वकोश दिला, त्याला निदान अर्धा दिवस द्यावा.