पोवळ्याच्या अंगठीपासून खोल समुद्रापर्यंत

नांदेड आणि लातूरच्या मुलांना समुद्र भेटतो तो भूगोलाच्या नकाशात किंवा सहलीच्या दोन दिवसांत. अशा मुलांना खोल समुद्रातील प्रवाळांची ओळख करून द्यायची, तर सुरुवात घरातूनच करता येते. आजोबांच्या अंगठीतील तांबडे पोवळे मुलांना दाखवावे आणि 'हा खडा कोणत्या खाणीतला असेल?' असे विचारावे. पोवळे हा मुळात दगड नाही. तो समुद्रतळाशी वसाहत करून राहणाऱ्या चिमुकल्या प्राण्यांचा सांगाडा आहे, हे कळले की मुलांचे कुतूहल जागे होते.

दागिन्यांतील तांबडे पोवळे पूर्वापार भूमध्य समुद्रातून येत आले आहे. त्याच्या फांदीची जाडी वर्षाला एक मिलिमीटरनेही वाढत नाही. मग हरभऱ्याएवढा मणी मिळण्यासाठी किती वर्षे लागत असतील, हे गणित मुलांनाच करू द्यावे. पूर्वी लाकडी क्रूसाला जाळी बांधून ती तळावरून फरफटत नेत आणि पोवळी तोडून काढीत. त्यात आजूबाजूचा सारा तळ उद्ध्वस्त होई. युरोपीय संघाने १९९४ मध्ये या पद्धतीवर बंदी घातली.

उथळ समुद्रातील बहुतेक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि यजमानालाही देते. सुमारे २०० मीटरखाली मात्र पुरेसा प्रकाश पोहोचत नाही. तेथील प्रवाळ थंडगार अंधारात, वरून झिरपत येणारे अन्नकण आणि सूक्ष्म जीव आपल्या संस्पर्शकांनी टिपून जगतात. त्यांची वाढ अतिशय संथ असते. हवाई बेटांजवळील एका काळ्या प्रवाळाचे वय ४,२०० वर्षांहून अधिक असल्याचे शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवून दिले. राष्ट्रकूटांच्या काळात कंधारचा किल्ला उभा राहिला, तेव्हा त्या प्रवाळाने वयाची तीन हजार वर्षे ओलांडलेली होती!

या प्रवाळांच्या फांद्यांत मासे आणि इतर असंख्य जीव आसरा घेतात. मात्र तळ खरवडत जाणारे मासेमारीचे ट्रॉल जाळे हजारो वर्षांची ही वस्ती काही मिनिटांत मोडून टाकते. नॉर्वेने १९९९ पासून आपल्या खोल प्रवाळभित्तींभोवती अशा जाळ्यांना मनाई करण्यास सुरुवात केली. युरोपीय संघाने २०१६ मध्ये आपल्या सागरी हद्दीत ८०० मीटरपेक्षा खोल पाण्यात तळ खरवडणारी मासेमारी बंद केली.

आपल्या महाराष्ट्राजवळही प्रवाळांचे वैभव आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर 'आंग्रिया बँक' हे पाण्याखालील पठार आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव त्याला लाभले आहे. त्याचा माथा पृष्ठभागापासून साधारण २० मीटरवर असल्याने तेथील प्रवाळ प्रकाशात वाढतात. ते खोल समुद्रातले नव्हेत. पण किनाऱ्यापासून इतक्या दूरची संपत्ती न पाहताही जपावी लागते, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे. भारतात २००१ मध्ये प्रवाळांच्या अनेक गटांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. म्हणून सहलीत किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडाही घरी आणू नये, हे मुलांना आवर्जून सांगावे.

एक प्रयोग वर्गातही करता येईल. अंड्याचे कवच व्हिनेगरमध्ये बुडवले की बुडबुडे येतात आणि कवच हळूहळू विरघळते. प्रवाळांचा सांगाडाही बहुतांशी त्याच चुनखडीचा असतो. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो आणि त्याच्या पाण्याची आम्लता वाढते. समुद्राचे पाणी काही व्हिनेगर होत नाही; पण एवढ्या बदलानेही सांगाडा घडवणे प्रवाळांना अवघड जाते. खोल, थंड पाण्यात तर हे संकट अधिकच गडद आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी लातूरने पाहिले आहे. पाण्याचे मोल येथील मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. लातूरची मांजरा पुढे गोदावरीला मिळते आणि नांदेडच्या घाटांवरून वाहणारी गोदावरी बंगालच्या उपसागरात जाते. घाटावर टाकलेली प्लास्टिकची पिशवी कोठवर पोहोचू शकते, हे नकाशावर बोट ठेवून मुलांना दाखवले, तर समुद्र त्यांना तितकासा दूरचा वाटणार नाही.