पुढे आलेले दात : घाई किती?

परवा एक गृहस्थ आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आले. "डॉक्टरसाहेब, वरचे दात पुढे आलेत. आत्ताच तार लावली तर पुढचा त्रास वाचेल ना?"

पूर्वी मीही होच म्हटले असते. दात सुधारलेले दिसतात. पण थांबलो असतो तर सुधारले नसते का, हे एकट्या रुग्णावरून कळत नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने चिठ्ठ्या टाकाव्यात तसे मुलांचे गट पाडून हे तपासले. २००४ साली कळले, की लवकर सुरुवात करणारे आणि वयात येताना एकदाच उपचार घेणारे यांच्या दातांत शेवटी फारसा फरक उरत नाही. अनुभवी तज्ज्ञांना हे पटेना. मला पटले.

मात्र २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात लवकर उपचारांचा एक फायदा दिसला : पुढच्या दातांना इजा कमी होते. पोरगी सायकलवरून पडते का, असे मी विचारले. वडील हसले, "रोज!" मग म्हटले, दंतवैद्यांना एवढ्यासाठी जरूर दाखवा.