दहावी चाल

चेकर्स हा पाश्चात्त्य देशांतील जुना पटखेळ. पटाच्या चौसष्ट घरांपैकी बत्तीसच वापरायची, प्रत्येकाकडे बारा सोंगट्या, आणि समोरची सोंगटी मारता येत असेल तर ती मारलीच पाहिजे, असा नियम. या खेळातील कोड्यांचे मर्म ह्या सक्तीतच आहे. आपली सोंगटी मुद्दाम पुढे करावी, ती मारणे प्रतिस्पर्ध्यास भाग पडावे, आणि मोकळ्या झालेल्या वाटेने आपण त्याच्या दोन-तीन टिपाव्यात. सक्तीमुळे फाटे थोडे फुटतात, म्हणून असे कोडे संगणक क्षणात सोडवितो. माणूस मात्र अडखळतो; हातची सोंगटी देऊन टाकणे त्याच्या मनास सहसा सुचत नाही.

परंतु जेथे मारामारी दूर असते, तेथे एकेकाळी चित्र उलट होते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात जोनाथन शेफर यांनी १९८९ साली ‘चिनूक’ नावाची संगणक-प्रणाली उभारण्यास आरंभ केला. पुढच्याच वर्षी तिची गाठ अमेरिकेच्या मॅरियन टिन्सली यांच्याशी पडली. टिन्सली गणिताचे प्राध्यापक. स्वतः गोरे असून त्यांनी कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठात अध्यापन केले. खेळाशी याचा संबंध नाही, तरी आपल्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक असावे.

एका डावात चिनूकने दहावी चाल केली आणि टिन्सली तत्काळ उद्गारले की, हिचा तुला पश्चात्ताप होईल. छत्तिसाव्या चालीनंतर चिनूकने हार पत्करली. शेफर यांनी मागाहून तपासले तेव्हा दिसले की, त्या चालीनंतर जिंकण्याचा एकच मार्ग होता व टिन्सलींनी तोच धरला होता. पण तो शेवटपर्यंत दिसण्यास चौसष्ट चाली पुढचे पाहावे लागत होते. त्या साऱ्या त्यांनी एकेक करून मोजल्या असतील, असे मला वाटत नाही. दीर्घ व्यासंगाने त्यांना डावाचा कल ओळखता येत होता. यंत्र फाटे मोजते, प्रत्येक स्थितीस गुण देते, आणि त्याची नजर संपेल तेथे थांबते.

१९९२ साली लंडनमध्ये टिन्सलींनी चार डाव जिंकले, दोन गमावले. तेहेतीस बरोबरीत सुटले. १९९४ च्या बोस्टन सामन्यातून सहा बरोबऱ्यांनंतर आजारपणामुळे त्यांनी माघार घेतली. पुढच्या वर्षी ते निवर्तले.

२००७ साली शेफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले की, दोघेही निर्दोष खेळल्यास डाव बरोबरीतच सुटतो. त्यासाठी दहा किंवा त्याहून कमी सोंगट्यांच्या सुमारे ३९ लाख कोटी स्थितींचा निकाल त्यांनी नोंदवून ठेवला होता. गंमत अशी की, एखाद्या स्थितीतील पाचही चाली बरोबरीच्या असतील, तर या नोंदींच्या लेखी त्या सारख्याच. माणूस त्यांतही निवड करतो. ज्या चालीला प्रतिस्पर्ध्यापाशी एकच बिनचूक उत्तर उरते आणि तेही सहज न दिसणारे असते, ती चाल तो खेळतो व समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत बसतो.