पॅलिएटिव्ह नर्स : घाणकाम नव्हे, शिकलेले काम

"बाळंतिणींच्या वॉर्डात असती तर ठीक. मरायला टेकलेल्यांची घाण काढायला पोरगी पाठवायची का?" वस्तीतल्या आया आम्हाला असे विचारतात, आणि त्यांचा राग खरा आहे. मेलेली ढोरे ओढणे जातीने आपल्या वाडवडिलांच्या माथी मारले होते; ते सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले. मग आता पुन्हा तेच का?

हे काम तसले नाही. कॅन्सर, निकामी किडनी अशा दुखण्यात रोगी बरा होणार नसला तरी त्याच्या वेदना, धाप आणि भीती कमी करता येते. त्यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. इथली नर्स वेदना शून्य ते दहा अशी आकड्यात विचारून लिहून ठेवते. डॉक्टरांनी लिहिलेले मॉर्फिन ठरल्या वेळी, बहुधा दर चार तासांनी, देते. त्याने शौचास घट्ट होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध सोबत आहे ना, तेही बघते. (मॉर्फिनने माणूस लवकर जातो, हा गैरसमज आहे, योग्य मात्रेत तसे होत नाही.) पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलते, आणि हे सारे घरच्यांनाही शिकवते. मुंबईत वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून हेच काम करत आहे.

महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतः धुतले आणि बिछान्यावर निजवले. चांगल्या शुश्रूषकाचे गुणही तिथेच दिले आहेत: औषध तयार करता येणे, पथ्य समजणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र-ओकारीची किळस नसणे, धम्माच्या गोष्टी सांगून धीर देणे. त्यात जात कुठेच नाही.

आईची भीती खरी ठरते ती दुसरीकडेच. 'सहा महिन्यांत नर्स' अशा पाट्या लावणाऱ्यांच्या कागदावर नर्स म्हणून नोंदणी मिळत नाही. मग ब्युरोमार्फत बारा-बारा तास राबायचे आणि लोकांनी आया म्हणून हाक मारायची. म्हणून फी भरण्यापूर्वी कॉलेजला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, ते बघा. बारावीनंतर जीएनएम तीन वर्षांचे, कोणत्याही शाखेतून, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे, त्याला विज्ञान शाखेतले जीवशास्त्र लागते. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास नवबौद्ध मुलींना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते; अर्ज महाडीबीटीवर भरायचा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता आत्ताच काढून ठेवा.