तबकडी हाकायला शिकताना

तुळशीचे लग्न लागले की पणदरे, माळेगाव, सांगवी या उसाच्या पट्ट्यात लगीनसराई सुरू होते. मुहूर्त ठरला की पोरांचा पहिला प्रश्न असतो, "डीजे सांगितला का?" मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कर्ण्यांची भिंत उभी राहते आणि नवरदेवाच्या आजोबांना कानात बोळे घालून बसावे लागते. पण मुळात डीजे म्हणजे भिंत नव्हे. यातला 'डी' डिस्कचा, म्हणजे तबकडीचा. 'जे' जॉकीचा, म्हणजे शर्यतीच्या घोड्यावर बसणाऱ्या स्वाराचा. तबकडीला घोड्यासारखी हाकतो, वेळेवर लगाम खेचतो, तो डीजे. हे काम हाताचे आणि कानाचे आहे, ते शिकता येते, आणि आपल्याकडच्या जाणत्यांना त्याची थोडी ओळखही आहे.

माळ्यावरचा ठेवा

भारतात तबकडीसाठीचे पहिले ध्वनिमुद्रण 1902 साली कलकत्त्यात झाले आणि गौहरजान यांचा आवाज तबकडीत उतरला. पुढे लग्नाच्या मांडवात, झाडाला कर्णा बांधून रेकॉर्डी वाजू लागल्या. रेकॉर्ड लावणारा माणूस एक गाणे संपत आले की दुसरे हाताशी तयार ठेवी. मांडव गप्प पडू द्यायचा नाही, हे त्याचे कसब. आजच्या डीजेचे निम्मे शिक्षण यातच आले.

घरात जुन्या तबकड्या असतील तर त्या मोडीत घालू नका. आधी ओळखा. जड, कडक, पडली की फुटणारी तबकडी मिनिटाला 78 फेरे घेते. ती लाखेपासून बनलेली असते आणि एका बाजूला साधारण तीन मिनिटांचे एकच गाणे असते. हलकी, थोडी वाकणारी तबकडी विनाइल या प्लास्टिकची. मोठी असेल तर ती 33 आणि एकतृतीयांश फेऱ्यांची, एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास वाजते. छोटी बहुधा 45 फेऱ्यांची.

लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये, लाख स्पिरिटात विरघळते. विनाइल उन्हात किंवा पत्र्याखाली तापली की वाकते. म्हणून दोन्ही प्रकार सावलीत, वहीसारखे उभे ठेवावेत. 78 ची खाच रुंद असते, तिला वेगळी सुई लागते. विनाइलच्या बारीक सुईवर ती वाजवली तर आवाजही नीट येत नाही आणि सुईही बिघडते.

दोन थाळ्यांची जोडी

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 11 ऑगस्ट 1973 रोजी क्लाइव्ह कॅम्पबेल या अठरा वर्षांच्या जमैकाहून आलेल्या मुलाने बहिणीच्या जलशात रेकॉर्डी लावल्या. लोक त्याला कूल हर्क म्हणतात. गाण्यातला नुसत्या ठेक्याचा तुकडा आला की लोक जास्त नाचतात, हे त्याने हेरले. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन थाळ्यांवर ठेवून तो तुकडा पुनःपुन्हा वाजवण्याची रीत त्याने पाडली.

त्याला साजेसे यंत्र जपानने दिले. टेक्निक्स कंपनीची एसएल-1200 ही थाळी 1972 साली निघाली. तिच्यात पट्टा नसतो, मोटर थेट थाळीखाली असते. त्यामुळे हाताने थोपवून सोडली तरी ती लगेच वेग पकडते. 1979 च्या सुधारित यंत्राला वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी सरकपट्टी आली.

शिकण्याचा क्रम

दोन थाळ्या, मध्ये आवाज जुळवणारा मिक्सर आणि कानाला हेडफोन, एवढे सामान पुरते. थाळीवर नमद्याची गोल चकती ठेवतात. तबकडी हाताने धरली तरी चकतीखाली थाळी फिरत राहते.

पहिले काही आठवडे नुसते मोजावे. एक, दोन, तीन, चार. घड्याळ लावून मिनिटाला किती ठोके पडतात ते तबकडीच्या पाकिटावर लिहावे. एक गाणे 116 ठोक्यांचे आणि दुसरे 120 चे असेल, तर पहिल्याचा वेग साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढवला की दोन्ही जुळतात. मग पहिले गाणे लोकांसाठी चालू ठेवून दुसरे हेडफोनमध्ये ऐकावे, त्याचा पहिला ठोका बोटाखाली धरावा आणि नेमक्या 'एक'ला सोडावा. एका जुवाला जुंपलेल्या बैलांची पावले जुळावीत तसे ठेके जुळले पाहिजेत. एक पुढे गेला की जू वाकडे होते आणि ते सगळ्या मांडवाला कळते.

आपल्या गाण्यांत दोन अडचणी येतात. दादरा सहा मात्रांचा, केरवा आठांचा. वेग सारखा केला तरी यांची जोडी जमत नाही. दुसरे असे, की वेग सहा टक्के वाढवला की आवाजही जवळजवळ अर्धा सूर चढतो आणि गाणारी बाई किरटी वाटू लागते. म्हणून मुळातच जवळच्या चालीची गाणी जोडीला निवडावीत.

पैसा आणि कान

हौस वाटली म्हणून उसाच्या बिलावर कर्ज काढून यंत्र घेऊ नये. लगीनसराई मोजक्या महिन्यांची, हप्ता मात्र बारा महिन्यांचा. आधी एखाद्या जाणत्याच्या हाताखाली एक हंगाम काढावा, जमते का ते पाहावे, मगच जुनी पण चालू थाळी शोधावी.

आणि कान सांभाळावेत. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ही अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेने सुचवलेली मर्यादा आहे. 100 डेसिबलला तीच मर्यादा 15 मिनिटांवर येते. कानातील बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सरकारच्या 2000 सालच्या नियमांनुसार वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे आणि सरकारने खास सूट दिलेले दिवस सोडता रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो.

पालकांनी पोराला "हे काय खूळ" म्हणून झिडकारू नये आणि पोरांनीही मोठ्या आवाजालाच कला समजू नये. ज्याला ठेका कळतो त्याला भिंत लागत नाही. माळ्यावरची धुळीने भरलेली एक रेकॉर्ड खाली काढावी, मऊ कोरड्या फडक्याने पुसावी आणि आजी-आजोबांना विचारावे, ही कुणाच्या लग्नात वाजली होती? शिक्षणाची सुरुवात तिथूनच होऊ शकते, आणि त्याला पैसा लागत नाही.