चिंच नंतर का घालायची?

वडोदऱ्याच्या सेव-उसळीत खरी परीक्षा पांढऱ्या वाटाण्याची असते. दाणा बशीत अख्खा दिसला पाहिजे आणि जिभेने टाळूवर दाबताच विरघळला पाहिजे. लाल तरी, शेव, हिरव्या लसणाची पात, पाव हे सगळं त्यानंतरचं. दाणा कचकचीत राहिला तर मसाला कितीही झणझणीत असो, खाणाऱ्याचं समाधान होत नाही. दांडिया बाजारातल्या मराठी घरांत चिंचगुळाची आमटी, वालाचं बिरडं आणि गुजराती दाळ-ढोकळी एकाच ओट्यावर शिजतात. या सगळ्यांत तक्रार मात्र एकच ऐकू येते: ‘आज डाळ शिजलीच नाही.’ दोष कुकरला दिला जातो, नाहीतर वाण्याला. खरं कारण बहुतेक वेळा दाण्याच्या पेशींच्या भिंतीत असतं. ते एकदा समजलं की स्वयंपाकाच्या निम्म्या युक्त्या पाठ कराव्याच लागत नाहीत.

जुन्या वाड्याच्या भिंतीत विटांना चुना धरून ठेवतो, तसं कडधान्याच्या पेशींना पेक्टिन नावाचा पदार्थ एकमेकींशी चिकटवून ठेवतो. डाळ शिजते तेव्हा दोन गोष्टी घडतात. आतला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि बाहेरचं पेक्टिन उष्णतेने तुटून पाण्यात उतरतं. स्टार्च फुगला पण पेक्टिन तुटलं नाही, तर दाणा टपोरा दिसतो आणि दाताखाली मात्र कणकण लागतो. म्हणून डाळ शिजवणं म्हणजे मुख्यतः पेक्टिन सोडवणं. त्याला घट्ट धरून ठेवणाऱ्या गोष्टी तीन: पाण्यातला कॅल्शियम, आंबटपणा आणि दाण्याचं वय.

आधी पाणी. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे कण पेक्टिनच्या दोन साखळ्यांमध्ये अडकून त्यांची गाठ मारतात. हे कण जास्त असलेलं पाणी म्हणजे जड पाणी. वडोदरा शहराला महाराजा सयाजीरावांच्या काळात बांधलेल्या आजवा सरोवराचं पाणी मिळू लागलं ते १८९० च्या दशकात. तळ्याचं पाणी बहुधा बोअरच्या पाण्यापेक्षा हलकं असतं, कारण जमिनीखालचं पाणी खडकांतले क्षार विरघळवत येतं. जुन्या शहरातल्या पोळांतून, म्हणजे गल्ल्यांतून, निघून शहराबाहेरच्या सोसायटीत राहायला गेलेल्या घरांत ‘तिकडे डाळ छान शिजायची, इथे शिजत नाही’ असं म्हणतात, त्याचं कारण पुष्कळदा नळातच सापडतं. बादलीच्या कडेला आणि गिझरमध्ये पांढरा थर धरत असेल, तर डाळीलाही तेच पाणी मिळतं आहे. अशा घरात निदान कडधान्य भिजवायला आणि शिजवायला क्षार काढणाऱ्या (आरओ) फिल्टरचं पाणी घ्यावं.

मिठाबद्दल एक समज पक्का बसला आहे, की आधी मीठ घातलं तर कडधान्य शिजत नाही. भिजवण्याच्या पाण्यात मीठ घातल्यावर उलट घडतं. मिठातला सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतो, गाठी सैल होतात आणि साल मऊ पडते. लिटरभर पाण्यात दोन सपाट चहाचे चमचे मीठ विरघळवून वाटाणा, राजमा किंवा छोले रात्रभर भिजत घालावेत. सकाळी ते पाणी ओतून टाकावं, दाणे धुवावेत आणि ताज्या पाण्यात शिजवावेत. साली फाटत नाहीत आणि दाणा आतपर्यंत सारखा शिजतो. मग उसळीत मीठ घालताना हात थोडा आखडता घ्यायचा, एवढंच.

आता चिंच. पेक्टिन तुटण्याचा वेग पाण्याच्या आंबटपणावर अवलंबून असतो. पाणी उदासीन किंवा किंचित क्षारीय असेल तर ते भराभर तुटतं, आंबट झालं की फारच रेंगाळतं. म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो, लिंबू हे डाळ पूर्ण शिजल्यावरच. गुळाचंही तसंच आहे. त्यात कॅल्शियम असतो आणि थोडा आंबटपणाही. पुरणाची हरभऱ्याची डाळ बोटाने दाबून भुगा होईपर्यंत शिजवायची आणि त्यानंतरच गूळ घालायचा, हा नियम घरोघरी पाळला जातो. अर्धवट शिजलेल्या डाळीत गूळ पडला की पुढे कितीही शिजवा, पुरणात कणी राहतेच. अमेरिकेत बॉस्टनकडे घेवड्याच्या बिया मळीच्या पाकात तासन्‌तास शिजवतात आणि तरी त्या अख्ख्या राहतात, त्यामागेही हेच रसायन आहे.

याचा उलटा उपयोगही मला फार मोलाचा वाटतो. रश्शात बटाट्याच्या फोडी अख्ख्या हव्या असतील तर आमसूल लवकर घालावं. अळकुडीची भाजी गाळ होत असेल तर चिंचेचं पाणी सुरुवातीलाच. कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात, म्हणजे आपण मुद्दाम कॅल्शियमची गाठ मारतो आणि फोड पाकात उकळूनही कडक राहते. डाळीच्या वेळी जो शत्रू, तोच पेठ्याच्या वेळी मित्र.

दाण्याचं वय ही तिसरी गोष्ट, आणि तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. उष्ण, दमट जागी महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या कडधान्यात आतल्या आत बदल होतो. दाण्यात फायटेट नावाचा साठा असतो, त्याने मॅग्नेशियम आणि कॅल्शियम धरून ठेवलेले असतात. काळ जाईल तसा तो साठा फुटतो आणि मोकळे झालेले कण पेक्टिनला जाऊन चिकटतात. असा दाणा भिजतो, पण शिजत नाही. वडोदऱ्याचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो, त्यानंतर पावसाळ्याची दमट हवा. माळ्यावर ठेवलेल्या डब्यातला वाटाणा दिवाळीपर्यंत हट्टी होतो तो यामुळे. कडधान्य घरातल्या सगळ्यांत थंड, कोरड्या जागी ठेवावं, थोडं थोडं आणावं आणि डब्यावर आणल्याचा महिना लिहावा.

तूरडाळीची गोष्ट जरा निराळी. गुजरातेत वर्षाची डाळ भरताना तिला एरंडेल चोळतात. एरंडीचं पीक देशात सर्वाधिक याच राज्यात होतं, त्यामुळे तेल हाताशी. तेलाच्या थरामुळे भुंग्याच्या अंड्यांना दाण्यावर थारा मिळत नाही. पण तोच थर पाणीही आत जाऊ देत नाही. ही तेलवाली डाळ गार पाण्याने विसळून थेट कुकरमध्ये घालू नये. कडकडीत पाण्यात चोळून, पाण्यावरचा तवंग जाईपर्यंत दोनदा धुवावी आणि मग अर्धा तास भिजवावी.

सोडा हा झटपट उपाय सगळ्यांना ठाऊक असतो. तो पाणी क्षारीय करतो, पेक्टिन पटकन तुटतं. पण त्याने ब जीवनसत्त्वातलं थायमिन नष्ट होतं, दाण्याला साबणासारखी चव येते आणि उसळीचा लगदा होतो. पाणी फारच जड असेल तर पाव किलो वाटाण्याच्या भिजवण्याच्या पाण्यात चिमूटभर घालावा आणि ते पाणी टाकून द्यावं. त्याहून जास्त मी कधीच सुचवणार नाही. सोडा जास्त पडला की नाही ते ओळखायची खूण डोळ्यांसमोरच असते. हळदीतलं कुर्क्युमिन क्षारात लाल होतं. खमण-ढोकळ्यावर मधूनच तांबूस ठिपके दिसतात, तिथे सोडा नीट मिसळलेला नसतो. उसळीचा पिवळा रंग तांबूस झुकला तर तिथेही तेच समजावं.

कुकरच्या शिट्ट्या मोजणं बंद करावं. कुकरच्या दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांना उकळतं, म्हणून डाळ उघड्या पातेल्याच्या मानाने कितीतरी लवकर शिजते. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडणं. मोठ्या आचेवर ती भराभर होते, बारीक आचेवर होतच नाही. आत दाब टिकून असेल तर डाळ दोन्हीकडे सारखीच शिजत असते. नळीतून वाफेची सरळ धार येऊ लागल्यावर वजन ठेवावं, म्हणजे आतली हवा निघून जाते. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून घड्याळ लावावं. भिजलेल्या वाटाण्याला दहा-बारा मिनिटं पुरतात. पाण्यात चमचाभर तेल घातलं तर फेस कमी येतो आणि नळी तुंबत नाही.

राजम्याच्या बाबतीत मात्र खबरदारी हवीच. कच्च्या राजम्यात लेक्टिन हा विषारी प्रथिनाचा प्रकार भरपूर असतो. त्याने उलट्या-जुलाब होतात. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो पुरता नष्ट होत नाही. भिजवलेलं पाणी टाकून, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळल्यावाचून राजमा खाऊ नये.

हे सगळं गृहिणींना त्यांच्या भाषेत सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी या शहराइतकी योग्य जागा नाही. दांडिया बाजारालगतचं कलाभवन सयाजीरावांनी १८९० मध्ये सुरू केलं. त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने तिथे रंगकाम आणि यंत्रविद्या लोकभाषेत शिकवली गेली. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू हंसा मेहता होत्या, आणि त्यांच्याच काळात गृहविज्ञानाची शाखा उभी राहिली. मराठीत पाककृतींची पुस्तकं तर विपुल आहेत. कमलाबाई ओगले यांच्या १९७० च्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचं नेमकं माप घरोघरी पोहोचवलं. ‘चिंच नंतर’ ही सूचनाही पिढ्यान्‌पिढ्या आहेच. तिच्यासोबत तिचं कारणही एका ओळीत छापलं, तर नव्याने स्वयंपाकाला लागलेली मुलगी किंवा मुलगा पाण्यापासून भांड्यापर्यंत स्वतः ताडून बघू शकेल.

ताडून बघणं सोपं आहे. एकाच पिशवीतला मूठमूठ वाटाणा दोन वाट्यांत भिजवा, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात फिल्टरचं. सकाळी दोन्ही वाट्या त्या त्या पाण्यासकट एकाच कुकरमध्ये ठेवा, दहा मिनिटांनी गॅस बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. मग प्रत्येक वाटीतला एकेक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. दोन्ही सारखे मऊ असतील तर तुमचं पाणी चांगलं आहे आणि पुढच्या वेळी न शिजलेल्या डाळीचा संशय डब्यावरच्या महिन्यावर घ्या. नळाच्या पाण्यातला दाणा कडक राहिला तर उद्यापासून उसळीला आणि आमटीला पाणी बदला.